वणव्याच्या धुराचा माग: उपग्रहचित्रांवरून हजारो किलोमीटरचा प्रवास कसा शोधायचा

सरावासाठी जून २०२३ चा क्यूबेकचा धूर घ्या. चालू वणव्यावर एकदम हात घातला तर आपलं उत्तर बरोबर की चूक हे कळायला मार्ग नसतो. या प्रसंगात पुढे काय झालं ते सगळं नोंदलेलं आहे. जूनच्या सुरुवातीला विजा पडून क्यूबेकमध्ये एकदम शंभरावर वणवे लागले. ६ आणि ७ जूनला त्यांचा धूर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियावर उतरला आणि न्यूयॉर्कमध्ये हवेच्या गुणवत्तेचा ताशी निर्देशांक (एक्यूआय) ४०० च्या वर गेला. महिनाअखेरीस कॅनडाचाच धूर अटलांटिक ओलांडून पश्चिम युरोपवर पोचला, पण तिथे बहुतेकांना तो लालभडक सूर्यास्तापुरताच जाणवला. एके ठिकाणी धूर छातीत गेला, दुसऱ्या ठिकाणी डोक्यावरून गेला. फरक उंचीचा होता. नकाशावर रेघ कोणीही ओढू शकतो. उंची ठरवणं हे खरं काम आहे आणि खालच्या निम्म्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

काय लागेल

साधा लॅपटॉप, बऱ्यापैकी इंटरनेट आणि एक स्प्रेडशीट. पैसे लागत नाहीत. नासाची वर्ल्डव्ह्यू (उपग्रहचित्रं) आणि फर्म्स (आगीच्या नोंदी) ही दोन्ही संकेतस्थळं ब्राउझरमध्ये चालतात. नुसतं बघायला खातं लागत नाही, पण डेटा उतरवून घ्यायचा तर अर्थडेटाचं मोफत खातं काढून ठेवा. सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहासाठी कोपर्निकस ब्राउझर आणि वाऱ्याच्या वाटेसाठी नोआ या अमेरिकी संस्थेचं हायस्प्लिट लागेल.

स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने करा: वेळ, उपग्रह, लेयर, धुराच्या पुढच्या कडेचे अक्षांश-रेखांश, खात्री, शेरा. खात्रीच्या रकान्यात 'पक्कं', 'बहुतेक' किंवा 'शंका' यांपैकी एकच शब्द लिहायचा. हा रकाना गाळायचा मोह होतो, आणि मग दोन दिवसांनी कुठली नोंद डोळ्यांनी पाहिलेली आणि कुठली अंदाजाने ओढलेली हे सांगता येत नाही.

सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहा. जूनमध्ये न्यूयॉर्कचं घड्याळ यूटीसीच्या चार तास मागे असतं, म्हणजे तिथे दुपारचे २ वाजतात तेव्हा १८:०० यूटीसी आणि पुण्यात रात्रीचे ११:३०. न्यूयॉर्कमध्ये रात्री ८ वाजले की यूटीसीची तारीख बदलते. एका दिवसाने चुकलेले नकाशे बहुतेक वेळा इथेच चुकलेले असतात.

उगम

वर्ल्डव्ह्यू उघडा, तारीख १ जून २०२३ करा आणि नकाशा साधारण ४५ ते ५५ उत्तर अक्षांश, ६५ ते ८० पश्चिम रेखांश एवढ्यावर आणा. सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या व्हिअर्स उपकरणाचा खऱ्या रंगांचा लेयर घ्या आणि त्यावर त्याच उपकरणाचे आगीचे ठिपके चढवा. मग एकेक दिवस पुढे सरका.

व्हिअर्सचा ठिपका ३७५ मीटरच्या पिक्सेलचा, टेरा आणि अॅक्वा या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाचा १ किलोमीटरचा. पिक्सेलभर आग आहे असा त्याचा अर्थ होत नाही, त्यात कुठेतरी पुरेशी गरम जागा आहे एवढाच होतो. म्हणून ठिपके मोजून जळालेलं क्षेत्र काढू नका. फर्म्सच्या तक्त्यात प्रत्येक ठिपक्याची अग्निशक्ती मेगावॅटमध्ये दिलेली असते. धुराचा जोर समजायला तिची दिवसाची बेरीज ठिपक्यांच्या संख्येपेक्षा जास्त उपयोगी. कमी खात्रीचे ठिपके पहिल्या फेरीत वगळा.

एखाद्या दिवशी ठिपके अचानक निम्मे झाले तर वणवा विझला असं समजायच्या आधी ढग बघा. आग ओळखणारा सुमारे ३.७ ते ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अवरक्त प्रकाश धुरातून बराचसा आरपार येतो, जाड ढगातून येत नाही. क्यूबेकसारख्या ठिकाणी ढगांखाली आठवडाभर जळत राहिलेली आग नकाशावर 'बंद' दिसू शकते.

शिवण

वर्ल्डव्ह्यूमधलं दिवसाचं चित्र म्हणजे उपग्रहाच्या वेगवेगळ्या फेऱ्या शेजारी शेजारी जोडून केलेली गोधडी आहे. मोडिसचा पट्टा २,३३० किमी रुंद, व्हिअर्सचा सुमारे ३,००० किमी, आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांत साधारण १०० मिनिटांचं अंतर. ताशी ५० किमीने सरकणारा धूर तेवढ्या वेळात ८० किमी पुढे जातो, त्यामुळे शिवणीवर लोट तुटलेला किंवा पायरी पडलेला दिसतो. तिथे दोन लोट आहेत असं धरू नका. शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांची वेळ शोधून स्प्रेडशीटमध्ये वेगळ्या ओळी करा.

एकाच दुपारी दोन क्षण हवे असतील तर सुओमी एनपीपी आणि नोआ-२० ही जोडी वापरा. दोन्हींवर व्हिअर्सच आहे आणि दोन्ही एकाच कक्षेत तासाभराच्या आतल्या अंतराने फिरतात. टेरा सकाळी आणि अॅक्वा दुपारी, ही जुनी जोडी २०२३ सालासाठी अजून चालते.

धूर की ढग

जाड, ताजा धूर ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही: मळकट तपकिरी-करडा, आगीच्या ठिपक्यापासून सुरू होणारा, कडा विस्कटलेल्या. अडचण तीन दिवसांनी येते. तोवर धूर पातळ होऊन दुधाळ निळसर झालेला असतो, उंच विरळ ढगांत मिसळलेला असतो आणि डोळा फसतो.

पहिली चाचणी फुकटची आहे. वर्ल्डव्ह्यूत मोडिसचा ७-२-१ बँडचा (बँड म्हणजे प्रकाशाचा ठरावीक पट्टा) लेयर चढवा आणि खऱ्या रंगांच्या लेयरशी आलटून पालटून बघा. ७ वा बँड २.१ मायक्रॉनचा. धुराचे कण त्याहून बरेच लहान, बहुतांशी १ मायक्रॉनच्या आतले, म्हणून त्या प्रकाशाला ते जवळजवळ अडवत नाहीत. ढगाचे थेंब मोठे, ते अडवतात. खऱ्या रंगांत दिसणारं आणि ७-२-१ मध्ये विरून फक्त निळसर झाक उरणारं जे काही आहे, तो धूर. दोन्हीकडे ठळक राहणारा ढग. बर्फकणांचा ढग ७-२-१ मध्ये हिरवट-निळा दिसतो, त्याला धूर समजू नका.

दुसरी खूण पोताची. धुराखालच्या नद्या, शेतांचे चौकोन, किनारपट्टी पुसट का होईना दिसत राहतात. ढगाला स्वतःची सावली आणि गाठी असतात. समुद्रावर हे सगळं सोपं, कारण पार्श्वभूमी काळी. बर्फ, वाळवंट किंवा कोरड्या पिवळ्या गवतावर खऱ्या रंगांच्या चित्राचा भरवसा धरू नका. समुद्रावर एकच धोका: सूर्याचं प्रतिबिंब पडलेला चकाकता पट्टा. तो कक्षेला समांतर पसरतो आणि रोज जागा बदलतो.

एरोसॉलच्या (हवेत तरंगणाऱ्या कणांच्या) प्रकाशीय जाडीचा, म्हणजे एओडीचा लेयरही चढवा, पण त्यातला सापळा ओळखून. स्वच्छ हवेत आकडा ०.१ च्या आसपास, १ च्या वर गेला की धूर दाट. सर्वांत दाट धुराच्या मधोमध मात्र आकडाच नसतो, भोक असतं. गणितातली ढग-चाळणी इतक्या जाड धुराला ढग समजून फेकून देते. शिवाय या गणिताला वरची मर्यादा असते, पद्धतीनुसार ३ ते ५ च्या आसपास. तेव्हा भोकाच्या चारही बाजूंना उच्च आकडे असतील तर भोकातला धूर त्याहून जाड आहे असं वाचायचं, 'इथे स्वच्छ' असं नाही.

न दिसणाऱ्या दोन खुणा

इथून पुढे डोळ्यांचं काम संपतं. कोपर्निकस ब्राउझरमध्ये सेंटिनेल-५पी वरच्या ट्रोपोमी उपकरणाचे दोन लेयर घ्या: अतिनील एरोसॉल निर्देशांक आणि कार्बन मोनॉक्साइड. हा उपग्रह सुओमी एनपीपीच्या मागोमाग, जेमतेम पाच मिनिटांच्या आत त्याच भागावरून जातो, त्यामुळे व्हिअर्सच्या चित्रावर ट्रोपोमीचे आकडे थेट ताडून बघता येतात.

एरोसॉल निर्देशांक अतिनील प्रकाश शोषणारे कण दाखवतो, म्हणजे धूर आणि धूळ. साधा ढग शून्याजवळ राहतो. म्हणून ढगांच्या वर किंवा बर्फाच्या वर तरंगणारा धूर, जो खऱ्या रंगांत हरवतो, तो इथे स्वच्छ उमटतो. १ च्या खाली 'शंका' लिहा. २ च्या वर शोषक कण नक्की आहेत. दोन आकडी निर्देशांक दिसला तर वणव्याने स्वतःचा गडगडाटी ढग उभा करून धूर फार उंच फेकला असण्याची शक्यता तपासा.

निर्देशांक उंचीप्रमाणे वाढतो. तेवढाच धूर ५ किमीवर असेल तर आकडा मोठा, जमिनीलगत १ किमीत असेल तर जवळजवळ शून्य. म्हणजे जो धूर लोकांच्या नाकात जातो तोच या नकाशावर सर्वांत फिका. निर्देशांकाचा नकाशा पाहून 'आज आमच्याकडे धूर नाही' म्हणणं धोक्याचं. उलट बाजूने हाच दोष कामी येतो: एओडी भरपूर आणि निर्देशांक कमी असेल तर धूर खाली आहे, दोन्ही भरपूर असतील तर वर. हा उंचीचा पहिला, ढोबळ अंदाज.

कार्बन मोनॉक्साइड धूळ आणि धूर यांतला फरक सांगतो, कारण धूळ तो वायू सोडत नाही. शिवाय तो हवेत काही आठवडे ते एक-दोन महिने टिकतो, त्यामुळे कण पावसाने धुऊन गेल्यावरही लोटाची वाट दिसत राहते. अटलांटिक ओलांडायचा असेल तर याच लेयरचा आधार. रंगपट्टी ०.०३ ते ०.०८ मोल प्रति चौ. मीटर ठेवा. उत्तर गोलार्धात पार्श्वभूमी ०.०३ ते ०.०४ असते, त्यामुळे पट्टी शून्यापासून लावली तर सगळा नकाशा एकाच रंगाचा दिसतो. मोठी शहरं आणि कारखान्यांचे पट्टे याही लेयरवर उमटतात, म्हणून वणव्याच्या आधीच्या आठवड्याचं चित्र शेजारी ठेवून तुलना करा.

हलतं चित्र

वरचे सगळे ध्रुवीय उपग्रह दिवसातून एक-दोन क्षण देतात, पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवणारे भूस्थिर उपग्रह दर काही मिनिटांनी एक. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व बाजूला गोज-१६ होता (एप्रिल २०२५ पासून त्या जागी गोज-१९ आहे), पश्चिमेला गोज-१८. पृथ्वीची पूर्ण चकती दर १० मिनिटांनी, अमेरिकेची चौकट दर ५ मिनिटांनी. क्यूबेकसाठी पूर्ण चकतीच घ्या. पाच मिनिटांची चौकट ७५ पश्चिम रेखांशावर ५० अंश उत्तरेच्या जरा पुढे संपते आणि वणव्यांचा मोठा भाग नेमका कडेला किंवा बाहेर पडतो.

वर्ल्डव्ह्यूत भूस्थिर चित्रं फक्त अलीकडच्या काळाची असतात. २०२३ ची हवी असतील तर अॅमेझॉनच्या खुल्या साठ्यात गोज-१६ चा सगळा डेटा मोफत आहे. तिथली फोल्डरं महिना-तारखेने लावलेली नसून वर्षातल्या कितव्या दिवसाने लावलेली आहेत: ७ जून २०२३ म्हणजे १५८. त्या फोल्डरात तासाचं फोल्डर, तेही यूटीसीत. १२ ते २३ यूटीसी एवढे तास न्यूयॉर्कच्या दिवसाला पुरतात.

पायथन येत असेल तर सॅटपाय ही लायब्ररी बहुतेक काम करून देते. स्वतः रंग जुळवायचे असतील तर अडचण अशी की गोजच्या उपकरणात हिरवा बँडच नाही. तो बनवावा लागतो: ०.४५ भाग लाल, ०.४५ भाग निळा, ०.१० भाग ०.८६ मायक्रॉनचा वनस्पती-बँड. नंतर २.२ चं गॅमा (उजळपणाची दुरुस्ती). हवेच्या रेणूंनी विखुरलेल्या निळ्या प्रकाशाची दुरुस्ती केली नाही, तर चकतीच्या कडेकडे सगळीकडे निळसर धुरकटपणा दिसतो आणि नवशिका त्याला धूर समजतो. सॅटपायचं 'ट्रू कलर' ही दुरुस्ती करतं.

चित्र कुठल्या वेळचं घ्यायचं यालाही महत्त्व आहे. धुराचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात, म्हणून सूर्य आणि उपग्रह लोटाच्या विरुद्ध बाजूंना असतील तेव्हा धूर सर्वांत उजळ दिसतो. खंडाच्या पश्चिमेकडचा पातळ धूर पूर्वेच्या उपग्रहातून संध्याकाळी बघा, पूर्वेकडचा धूर पश्चिमेच्या उपग्रहातून सकाळी. दुपारी बारा वाजता तोच धूर विरल्यासारखा वाटतो आणि संध्याकाळी 'परत येतो'. तो कुठेही गेलेला नसतो.

रात्री दृश्य चित्र नाही आणि लांब तरंगलांबीच्या अवरक्त बँडला धूर जवळजवळ दिसतच नाही. मार्ग एकच: व्हिअर्सचा रात्रीचा बँड, तोही चांदणं असेल तर. ४ जून २०२३ ला पौर्णिमा होती, त्यामुळे या प्रसंगाच्या रात्री वाया जात नाहीत. अमावास्येच्या आसपास घडलेल्या घटनेत रात्रीची ओळ रिकामी सोडा.

उंची

आता वेग मोजा. समजा १४:०० यूटीसीला लोटाची पुढची कड ४३.० उत्तरेवर होती आणि १८:०० ला ४१.२ वर. १.८ अंश गुणिले १११ किमी म्हणजे २०० किमी, चार तासांत, ताशी ५०. पूर्व-पश्चिम सरकत असेल तर अक्षांश लक्षात घ्या: ४२ अंशांवर रेखांशाचा एक अंश साधारण ८२ किमीच भरतो.

मग अर्थ नलस्कूल या संकेतस्थळावर त्याच तारखेचे, त्याच तासाचे वारे वेगवेगळ्या थरांत बघा: ८५० हेक्टोपास्कल (हवेचा दाब) म्हणजे सुमारे १.५ किमी उंची, ७०० म्हणजे ३ किमी, ५०० म्हणजे साडेपाच किमी. ज्या थरातला वारा लोटाच्या दिशेशी आणि वेगाशी जुळतो, धूर बहुधा त्या थरात. वारा सगळ्या थरांत एकाच दिशेचा असेल तर ही युक्ती काही सांगत नाही. त्या वेळी कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून होतं आणि त्याच्या पश्चिम बाजूचा उत्तरेकडून येणारा वारा धूर थेट दक्षिणेला ओढत होता. क्यूबेकमधलं शिबुगामो आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच रेखांशावर, सुमारे १,००० किमी अंतरावर आहेत.

यानंतर हायस्प्लिट. उलट दिशेची वाट निवडा, सुरुवात ४०.७ उत्तर, ७४.० पश्चिम, ७ जून २०२३, १८ यूटीसी. उंची जमिनीपासून ५००, १,५०० आणि ३,००० मीटर. कालावधी ७२ तास. हवामानाचा डेटा पाव अंशाचा मिळत असेल तर एक अंशाचा घेऊ नका, किनाऱ्याजवळ आणि डोंगराळ भागात तो फार जाडाभरडा पडतो. कुठल्या उंचीची वाट मागे जात आगीच्या ठिपक्यांवर पोचते ते बघा. मग सुरुवातीची वेळ सहा तास मागे-पुढे करून पुन्हा चालवा. तिन्ही वेळा एकच उंची जुळली तर 'पक्कं', एकदाच जुळली तर 'शंका'. अशा वाटांत प्रवासाच्या १५ ते ३० टक्के चूक गृहीत धरतात, म्हणजे हजार किमीला दीडशे ते तीनशे. त्यामुळे वाट अमुक एका वणव्यावर जाते असं म्हणू नका, वणव्यांच्या पट्ट्यावर जाते एवढंच म्हणा.

सर्वांत थेट मोजमाप लेझरने होतं. कॅलिप्सो या उपग्रहाचं काम ऑगस्ट २०२३ मध्ये संपलं. मे २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावर आता लेझर आहे. दोघांचीही अडचण एकच: लेझर कक्षेखालची अरुंद रेघच कापतो. ती रेघ तुमच्या लोटावरून गेली तर सोनं, नाही तर वरचे आडाखे.

जमिनीशी ताळा

उपग्रह वरपासून खालपर्यंतचा सगळा स्तंभ बघतो, माणूस तळाचे दोन मीटर. म्हणून शेवटची नोंद जमिनीवरची हवी. अमेरिकेत एअरनाऊच्या आग-धूर नकाशावर सरकारी केंद्रं आणि लोकांनी घरी लावलेले सेन्सर दोन्ही दिसतात. लोट डोक्यावर आला आणि तासाभरात पीएम २.५ (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण) चढलं तर धूर खाली आहे. लोट सकाळपासून डोक्यावर, पण पीएम २.५ दुपारी चढलं, तर तापलेल्या हवेच्या घुसळणीने वरचा धूर खाली आणला असणार. हे वारंवार घडतं. काहीच चढलं नाही तर तो युरोपसारखा उंचावरचा धूर.

नोआच्या हॅझर्ड मॅपिंग सिस्टिममध्ये तज्ज्ञ माणसं चित्रं बघून धुराच्या हद्दी हाताने आखतात, पातळ, मध्यम आणि दाट अशा तीन प्रतींत. आपली रेघ ओढून झाल्यावरच ती फाइल उघडा. आधी बघितली की डोळा तेच शोधतो. लक्षात ठेवा, त्या हद्दींनाही उंची नसते.

जमिनीवरून हवेतले कण मोजणाऱ्या नासाच्या एरोनेट जाळ्याचं एखादं केंद्र वाटेत असेल तर त्याचा अँगस्ट्रॉम घातांक बघा: १.५ च्या आसपास किंवा वर म्हणजे बारीक कण, धूर, ०.५ च्या खाली म्हणजे जाड कण, धूळ. युरोपात सहाराची धूळ आणि कॅनडाचा धूर एकाच आठवड्यात येऊ शकतात, तिथे हा आकडा वाद मिटवतो.

इतर खंडांवर

ऑस्ट्रेलियासाठी जपानचा हिमावारी वापरा, त्याला खरा हिरवा बँड आहे. २०१९-२० च्या उन्हाळ्यातला धूर प्रशांत महासागर ओलांडून चिले आणि अर्जेंटिनापर्यंत गेला. लांब पल्ल्याच्या सरावाला तो उत्तम, कारण मधे समुद्राची काळी पार्श्वभूमी आहे.

पंजाब-हरियाणात पराली (कापणीनंतर उरलेले खुंट) जाळण्याचा धूर हीच पद्धत वापरून गंगेच्या मैदानावर शोधता येतो, पण दोन बदल करून. पहिला: ध्रुवीय उपग्रह दीडच्या सुमाराला जातात आणि जाळणं बऱ्याच ठिकाणी त्यानंतर होतं. कोरियाच्या जीके-२ए या भूस्थिर उपग्रहाच्या दर दहा मिनिटांच्या नोंदींत ते दिसून आलं आहे. केवळ ठिपक्यांची संख्या घटली म्हणून आगी घटल्या असं लिहू नका. एओडीही घटलं का ते बघा. दुसरा: नोव्हेंबरात धुक्याचा थर आणि धूर एकावर एक बसतात. ७-२-१ ची चाचणी इथेही चालते, धुकं ठळक राहतं.

मेळघाट किंवा सह्याद्रीतले उन्हाळी वणवे बहुतेक वेळा इतके छोटे असतात की त्यांचा लोट व्हिअर्सवर काही पिक्सेलांतच संपतो. तिथे सेंटिनेल-२ ची १० मीटरची चित्रं घ्या आणि दोन फेऱ्यांत काही दिवसांचा खंड असणार हे गृहीत धरून ठिपक्यांवरच जास्त विसंबा.